‘आपण काय पाड्यावरचे आहोत का?’

चिंचवडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी नववीत, सहामाहीत ७८ टक्के. शाळेत जव्हारकडच्या एका आदिवासी पाड्यावरचे तारपावादक, म्हणजे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारे, आले होते. त्यांनी मैदानावर पोरांना एकमेकांच्या कमरेला धरायला लावून गोल नाचवलं. तेव्हापासून लेक तारप्याशिवाय दुसरं बोलत नाही, गणिताच्या वहीत मागच्या पानावर वर्तुळं काढते, जव्हारला जाऊ म्हणून मागे लागली आहे. वडिलांनी वही कपाटात टाकून कुलूप लावलं आणि तिला सुनावलं, ‘आपण काय पाड्यावरचे आहोत का?’ त्यांचा प्रश्न : हे खूळ कसं काढावं? की दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात, तेवढ्यापुरतं करू द्यावं?

नमस्कार.

७८ टक्क्यांची मला अजिबात काळजी नाही. तुमच्या त्या एका वाक्याची आहे. रागात बोलून गेला असाल, पण चौदा वर्षांच्या मुलीनं ते नीट ऐकलं आहे. ज्या माणसानं तिला भर दुपारी मैदानावर एवढं काही दिलं, तो आपल्याहून हलका, असं तिला तिच्या बाबांनी सांगितलं. तिला हे पटलं तर वाईट. पटलं नाही तर यापुढे मनातलं ती तुम्हाला सांगणार नाही, आणि तेही वाईटच.

वारली चित्र आज शहरात घरोघरी दिसतं, चादरीवर, कपावर, दारावरच्या पाटीवर. त्यात माणसांची वळणं घेत जाणारी रांग असते आणि मधोमध एक जण लांबट वाद्य फुंकत असतो. ते वाद्य म्हणजे तारपा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधायला मेण. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा २०२२ चा पुरस्कार मिळाला. भीमसेन जोशींना मिळाला होता, तोच हा पुरस्कार. पाड्यावरचं असणं ही शिवी नाही. हे तुम्ही लेकीसमोर बोलून दाखवलंत तर फार बरं होईल.

आता वहीकडे येते. पानाचा फोटो पाठवलात हे बरं केलंत, कारण पत्रापेक्षा त्या पानावरून मला जास्त कळलं. मोठं वर्तुळ, त्यावर पावलांच्या खुणा, प्रत्येक खुणेला नंबर. खाली बारीक अक्षरात दोन ओळी : ‘चाल बदलली की पाय बदलतात. आधी कुणाला कळतं?’ आणि ‘काका श्वास कधी घेतात?’

मला नाचायचंय, असं तिनं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या पत्रातही तिच्या तोंडी ते वाक्य नाही. नाचाची भीती तुमची आहे. बाकीची मुलं नाचून घरी गेली, ही मात्र नाचता नाचता मोजत होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला जरूर सांगा : गालात हवा धरून ठेवायची आणि फुंक चालू असतानाच नाकानं श्वास घ्यायचा, म्हणून सूर तुटत नाही. पहिल्याचं उत्तर तिला तिथे जाऊनच मिळेल.

वाढीव गुणांबद्दल बऱ्याच पालकांचा गैरसमज आहे, म्हणून सविस्तर लिहिते. गुण मिळतात हे खरं. पण शाळेत पाहुणे कलाकार आले, तासभर नाचलं, प्रमाणपत्र हातात पडलं, एवढ्यावर ते मिळत नाहीत. शास्त्रीय नृत्याला मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा लागतात, लोककलेला प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगांची संख्या आणि त्याची कागदपत्रं. ती संख्या गाठायला पोरं दोन वर्षं खपतात. गुणांसाठी म्हणून तिला असल्या धावपळीत ढकललंत, तर सहा महिन्यांत तिला तारप्याचा कंटाळा येईल. खूळ काढायचा तो खात्रीचा उपाय आहे, पण त्यासोबत तिचं ते मोजणंही जाईल. तुम्ही असं करू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वाटा थोडक्यात : बारावी कुठल्याही शाखेतून झाली तरी मानवशास्त्राकडे, म्हणजे माणसांच्या समाजांच्या आणि चालीरीतींच्या अभ्यासाकडे, वळता येतं, पुणे विद्यापीठात त्याचा विभाग आहे, तिथेच संगीत, नृत्य आणि नाटक शिकवणारं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी. आज त्यातलं काहीही ठरवायची गरज नाही. गणित सोडायचं नाही, एवढं तिला माझ्यातर्फे सांगा. वर्तुळावर नंबर टाकणारीला ते जमेल.

या रविवारी फॉर्म-बिर्म शोधत बसू नका. पुण्यात क्वीन्स गार्डनजवळ आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. तिथल्या संग्रहालयाची वेळ फोन करून विचारा आणि दोघं जा. दोघंच. तिला बोलू द्या, तुम्ही ऐका.

जव्हारलाही न्या, पण नवा भात घरात येतो त्या दिवसांत, कारण तारपा तेव्हा वाजतो. शाळेकडून त्या काकांचा नंबर घ्या, आधी विचारा, येऊ का म्हणून. गेल्यावर मोबाइल काढण्यापूर्वीही विचारा. त्यांनी वेळ काढून तिला काही दाखवलं तर मानधन द्या, आणि ते तिच्या हातानं द्या.

वही आज संध्याकाळीच परत करा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.