डोके स्थिर, तरी दृश्य का सरकते?

प्रश्न : माझा क्वेस्ट २ हा व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारा) हेडसेट दिवसा उत्तम चालतो. रात्री ट्यूबलाइट लावली की समोरचे दृश्य थरथरते, कधी हातभर बाजूला सरकते. सेन्सर बिघडला असेल का?

उत्तर : दिवसा नीट चालतो म्हणजे सेन्सर बहुधा ठीक आहे, संशय उजेडावर घ्या. हेडसेटमधले जायरोस्कोप (वळणे मोजणारा) आणि प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा) हे सेन्सर डोक्याची हालचाल सेकंदाला शेकडो वेळा टिपतात. पण त्यांची चूक साठत जाते. प्रवेगात ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच चूक राहिली तरी १० सेकंदांत जागेचा अंदाज अर्ध्या मीटरने हुकतो! ती चूक सतत दुरुस्त करतात बाहेरचे चार कॅमेरे. खोलीतले कोपरे, कपाटाच्या कडा, फोटोच्या चौकटी त्यांच्या खुणा असतात.

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे चोकवाली ट्यूब किंवा स्वस्तातली एलईडी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्यांना जाणवते. सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ‘ऑटो’वर असेल तर ५० हर्ट्झ करा. फरक पडला नाही तर ट्यूब बदलून पाहा. कॅमेऱ्यांच्या काचा कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. बोटांचे तेलकट ठसे हमखास असतात. मोठा आरसा चादरीने झाका, कारण त्यातली खोली कॅमेऱ्यांना खरी वाटते. भिंत कोरी पांढरी असेल तर दोन-तीन पोस्टर लावा. मग हेडसेटमध्ये खेळायच्या जागेची जुनी सीमारेषा पुसून नवी आखा. उजेड हवा म्हणून हेडसेट उन्हात मात्र कधीही ठेवू नका. आतली भिंगे ऊन एका बिंदूवर आणतात आणि पडदा कायमचा जळतो.

प्रश्न : फोन बसवायच्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात मान वळवली की दृश्य वळते, पण पुढे वाकले तरी वस्तू जवळ येत नाही. मळमळतेही.

उत्तर : या चष्म्यात फोन फक्त मानेचे वळणे मोजतो, डोके किती सरकले हे नाही. तुम्ही वाकलात हे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला कळते, डोळ्यांना दिसत नाही. मळमळ त्यातूनच येते. भर पडते ती विलंबाची : मान सेकंदाला २०० अंश वेगाने वळली आणि चित्र ५० मिलिसेकंद उशिरा आले, तर ते १० अंश मागे असते. चांगल्या हेडसेटमध्ये हा विलंब २० मिलिसेकंदांच्या आत ठेवतात. फिरत्या खुर्चीत ताठ बसून पाहा, बाकीची ॲप बंद करा. दृश्य आपोआप एका बाजूला फिरत असेल तर फोनच्या कव्हरला चुंबक आहे का तेही तपासा.