पस्तीस हजारांचा प्रश्न, दहा लाखांची उधारी

प्रश्न: माझं एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन कामगार. एका कन्सल्टंटने ३५ हजारांत आयएसओ ९००१, म्हणजे कामाच्या दर्जाच्या व्यवस्थेचं सर्टिफिकेट, करून देतो म्हटलंय. सर्टिफिकेट आलं की धंदा ३० टक्के वाढतो, असं तो म्हणतो. मागच्या महिन्यात त्यानेच साडेचार हजारांत माझं उद्यम सर्टिफिकेट रिन्यू करून दिलं. महिन्याला दोन लाखांचं जॉबवर्क एकाच कंपनीकडून येतं. पेमेंट पाच महिन्यांनी मिळतं, पण पार्टी चांगली आहे. मधला खर्च भागवायला ओळखीतून सहा लाख दोन टक्क्यांनी घेतलेत. वर्षाला ६० हजारांची गॅरंटीड पॉलिसी चालू आहे, त्यामुळे बचतीची काळजी नाही. आयएसओ करून घेऊ का?

उत्तर: साडेचार हजार गेले ते गेले. उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. ती जुलै २०२० पासून सरकारी पोर्टलवर फुकट होते आणि तिला मुदतच नसते. मुदत नसलेली गोष्ट रिन्यू कशी होते, हे त्या माणसाला विचारायला हवं होतं. माहिती अद्ययावत ठेवावी लागते, तीही फुकट. आता याच माणसाच्या ३० टक्क्यांवर किती विसंबायचं, तुम्हीच ठरवा.

जिनिव्हातली आयएसओ संस्था मानकं लिहिते, सर्टिफिकेट देत नाही. ते देणाऱ्या संस्था वेगळ्या. तुमचं सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीसारख्या, अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता आहे का, ते बघा. नसेल तर ३५ हजारांत तुम्ही भिंतीवरची फ्रेम घेताय. असली तरी सर्टिफिकेट तीन वर्षांचं, आणि मधल्या सर्व्हेलन्स ऑडिटचे, म्हणजे फेरतपासणीचे, पैसे वेगळे. एकूण ६० हजार धरा, वर्षाला २० हजार. शंभरातले पंधरा सुटत असतील तर वसुलीला वर्षाला सव्वा-दीड लाखाचं जादा काम हवं. फार नाही. पण ते देणारा कोण? ‘आयएसओ असेल तरच व्हेंडर कोड उघडू’, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद करू, असं कुणी मेलवर लिहिलंय का? तुमच्या पत्रात तरी तसं गिऱ्हाईक दिसत नाही. मग आत्ता नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. पाच महिन्यांनी पैसे देणारी पार्टी चांगली कशी? महिन्याला दोन लाख, म्हणजे कायम दहा लाख अडकलेले. दर महिन्याच्या दोन लाखांवरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३६ हजार, तुम्ही पुढच्या महिन्याच्या २० तारखेला खिशातून भरता, तो वेगळाच. आणि ‘दोन टक्के’ म्हणजे वर्षाला २४. सहा लाखांवर महिन्याला बारा हजार, वर्षाला एक लाख ४४ हजार. ३५ हजारवाले चार आयएसओ झाले की! दोन लाखांच्या कामात तुमचे सुटतात तीस हजार, त्यातले बारा सावकाराकडे. तुम्ही २४ टक्क्यांनी पैसे उचलून त्या कंपनीला बिनव्याजी वापरायला देताय.

गंमत म्हणजे यावरचं औषध त्या रिन्यू केलेल्या कागदातच आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच धरला तर साडेसोळा टक्के. शिवाय २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट कंपनीला पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत मिळत नाही. मार्चएंडला त्यांचा सीए तुमच्यासारख्यांची यादी घेऊन बसतो. तुमचं नाव त्या यादीत आहे का?

बहुधा नाही, कारण त्यांना तुमचा उद्यम नंबर कळवलेलाच नसणार. प्रत्येक बिलावर तो छापा. सर्टिफिकेट अकाउंट्स खात्याला मेल करा. खरेदीवाल्या साहेबांना फोनवर सांगून काही होत नाही. पुढच्या पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, ४५ दिवस लिहून मागा. उशिरा पेमेंटची सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण सगळं काम एकाच कंपनीचं असताना तिथून सुरुवात करू नका. कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर तिने ट्रेड्सवर, म्हणजे लहान उद्योगांच्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, नोंदणी केलेली असायला हवी. तिथे तुमचं बिल कंपनीने मान्य केलं की एखादी बँक ते डिस्काउंट करून, म्हणजे थोडी रक्कम कापून, पैसे आधी देते, आणि कंपनीने पुढे बुडवलं तरी तुमच्या मागे लागत नाही. भांडण न करता हे मागता येतं.

पैसे ४५ दिवसांवर आले तर अडकलेले राहतील तीन लाख. सुटलेल्या सातांतून सहा लाखांचं कर्ज आधी फेडा. त्यातून मशीन घ्यायची नाही.

राहिली पॉलिसी. गॅरंटीड पॉलिसी सहसा पाच-साडेपाच टक्क्यांवर जाते. तुम्ही २४ टक्के देऊन पाच टक्के कमावताय आणि त्याला बचत म्हणताय. विकणाऱ्याने कमिशन घेतलं, तो मोकळा झाला. सरेंडर केली, म्हणजे आत्ताच मोडली, तर किती आणि पेडअप ठेवली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच चालू ठेवली, तर किती, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागवा. एजंटला विचारू नका, तो ‘आता सोडलीत तर नुकसान’ एवढंच सांगेल. पत्रात साध्या टर्म विम्याचा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याचा, उल्लेख नाही. सहा लाखांचं देणं डोक्यावर असताना तो आधी घ्या. पॉलिसीचे दोन आकडे आले की मला पाठवा, पुढचा हप्ता भरायच्या आत.