लेकीला नसांची सर्जरी शिकायचीय, पण नीट नाही निघाली तर?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. तुमच्या भावाचा हात रसाच्या चरकात गेला, कोपराच्या वर कापावा लागला, मिळालेला कृत्रिम हात कपाटात पडून आहे, आणि रात्री नसलेल्या बोटांत आग होते म्हणून ते उठून बसतात. हे बघत वाढलेली लेक आता अकरावी सायन्सला आहे, नसा जोडायच्या सर्जरीचा व्हिडिओ बघितल्यापासून म्हणते मला हेच करायचंय, आणि तुम्हाला भीती की नीट हुकली तर पोरगी खचेल.

आधी सर्जरीचं सांगतो, कारण करिअरचं उत्तर त्यातच आहे. हात गेला तरी त्याच्या नसा दंडात जिवंत असतात आणि मेंदू त्यांना ऑर्डर सोडतच राहतो. कापलेलं टोक वाढायला बघतं, पुढे जागा नसते, मग तिथे गाठ होते, तिला न्युरोमा म्हणतात, नुसता धक्का लागला तरी करंट बसतो. टीएमआर नावाच्या सर्जरीत ते टोक उरलेल्या स्नायूच्या छोट्या नसेला जोडतात. काही महिन्यांनी ती नस तिथे रुजते, आणि मग माणसाने मूठ मिटायचं मनात आणलं की दंडातल्या बायसेप्सचा एक भाग आखडतो, कातडीवरचा इलेक्ट्रोड ते पकडतो आणि मोटरचा हात मिटतो. शिकागोत डॉ. टॉड कुईकेन आणि डॉ. ग्रेगरी ड्युमेनियन यांनी हे उभं केलं, २००२ मध्ये जेसी सुलिव्हन या दोन्ही हात गेलेल्या वीज कामगाराच्या हाताच्या नसा त्यांनी छातीच्या स्नायूंना जोडल्या, आणि पुढे छातीला हात लावला की त्याला आपल्या हाताला लावल्यासारखं वाटायचं! मूळ हेतू हात चालवायचा होता, पण दुखणंही कमी होतं हे लक्षात आलं, म्हणून आता नुसत्या वेदनेसाठीही ही सर्जरी करतात.

आता बघा, यात सर्जनचं काम काही तासांचं. नंतर कोणता स्नायू कधी आखडायचा हे महिनोन्‌महिने शिकवतो तो थेरपिस्ट, आणि सॉकेट, म्हणजे उरलेला दंड ज्यात बसतो तो कृत्रिम हाताचा साचेबंद भाग, बनवतो तो प्रॉस्थेटिस्ट, कृत्रिम हातपाय तयार करणारा. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात सॉकेटमध्ये घाम साचला की इलेक्ट्रोड घसरतो, सिग्नल तुटतो, कातडी सोलते, माणूस वैतागून हात काढून ठेवतो. भावाचा हात कपाटात का गेला ते त्यांना नीट विचारा, बऱ्याचदा कारण सॉकेटच असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, नीट तिने जीव तोडून द्यावी पण बीपीओचा फॉर्मही तितक्याच मनाने भरावा. बीपीओ म्हणजे बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं, मुंबईत हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये आहे, कटक आणि कोलकात्यालाही आहे. कॉलेज आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं मान्यताप्राप्त आहे का तेवढं बघाच, नाहीतर पुढे प्रॅक्टिसचं रजिस्ट्रेशन होत नाही. फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपीही चालेल. सर्जनचा रस्ता लांब आहे, एमबीबीएस साडेपाच, एमएस जनरल सर्जरी तीन, मग प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच तीन, म्हणजे सगळं पहिल्या झटक्यात मिळालं तरी साडेअकरा वर्षं, आणि तेवढं तिला आजच सांगा, लपवू नका. एमबीबीएस आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजलाही होतं, सुरुवातीलाच घर सोडावं लागेल असं नाही.

सुट्टीत सिद्धेश्वर एक्सप्रेसने दोघांना घेऊन मुंबईला जा, हाजी अलीला भावाचा सॉकेट दाखवा आणि लेकीला तिथे बसून बघू द्या, प्लास्टरचं माप कसं घेतात, साचा कसा घासतात. व्हिडिओ बघून आवडलेलं काम तिथे बसूनही आवडतंय का ते तिचं तिलाच कळेल. आणि भावाला एकदा प्लास्टिक सर्जनला दाखवाच, हात जाऊन वर्षं झाली असली तरी ही सर्जरी करता येते, कुणाला होईल ते तपासूनच ठरतं. ते दुखणं मनाचे खेळ नाहीत हे घरात सगळ्यांना सांगा.

लेकीने बायोलॉजीबरोबर मॅथ्स घेतलंय का ते कळवा, घेतलं असेल तर सीईटीतून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा रस्ताही उघडा आहे, त्याचं सविस्तर लिहितो.