वनजमिनीवरचा ओढा आणि पाड्याचं पाणी: आधी मेमधली धार मोजा

तुमचा प्रश्न असा: ठाण्याच्या डोंगरात वनजमिनीवरून वाहणाऱ्या ओढ्यातून पाड्याला पाइपानं पाणी आणायचं आहे. वनखातं म्हणतं ओढा आटेल, पाड्यावरचे म्हणतात मग आम्ही प्यायचं काय. कुणाचं खरं मानायचं?

मी ठाण्यातच राहते आणि पावसाळा सरला की वनराई बंधारे, म्हणजे मातीच्या गोण्यांचे तात्पुरते बांध, घालायला जाणाऱ्यांत असते. मे महिन्यातली धार मोजल्याशिवाय दोघांपैकी कुणाचंच खरं धरू नका, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत मुरतं तेवढंच. ऑगस्टचा ओढा बघून योजना आखली की होळीनंतर भांडणं ठरलेली.

मोजणं अवघड नाही. कातळावरून सगळं पाणी एकत्र पडतं अशी जागा शोधा. तशी नसेल तर चिखलाचा लहानसा बांध घालून त्यातून पाइपाचा तुकडा बाहेर काढा. खाली १५ लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. सकाळी लवकर मोजा, दुपारी चारच्या सुमारास पुन्हा मोजा. उन्हात काठची झाडं पाणी ओढून घेतात, त्यामुळे दुपारची धार बारीक असते. हिशेबाला तीच धरायची.

बादली १५ सेकंदांत भरली तर सेकंदाला एक लिटर, म्हणजे दिवसाला ८६,४०० लिटर. घरोघरी नळानं पाणी देण्याच्या सरकारी जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर. २०० माणसांच्या पाड्याला ११,००० लिटर पुरतात, म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा. एवढं घेतल्यानं ओढा मरतो असं कुणी म्हणालं तर हा हिशेब समोर ठेवा. पण बादली भरायला मिनिट लागत असेल तर दिवसाचं पाणी २१,६०० लिटर, आणि पाडा त्यातलं निम्म्याहून जास्त मागतोय. खालच्या डोहावर सांबर, भेकर, बिबटे येतात. खालच्या वस्तीतल्या बाया डवरा, म्हणजे ओढ्याच्या पात्रात खड्डा, खणून वाटीवाटीनं हंडा भरतात. त्यांचा घोट काढून वरच्या पाड्याला द्यायचा, हा न्याय मला पटत नाही.

अशा ओढ्यावर दोन गोष्टी करा. झऱ्याच्या तोंडाशी छोटी टाकी बांधा आणि तिच्या तळाशी ओढ्याच्या वाट्याचं भोक ठेवा. पाड्याचा पाइप त्याच्या वर. ओढ्याचा वाटा आधी खाली जातो, उरलेलं पाड्याला. पाड्यावरच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की आपोआप बंद होणारा नळ, हवाच, नाहीतर टाकी रात्रभर वाहते आणि ओढ्याचं पाणी तिथल्या चिखलात जातं. दुसरं म्हणजे घरटी ५,००० लिटरची टाकी बसवून पावसाचं पाणी साठवा. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यापुरतं दिवसाला १०० लिटर धरलं तर ती ५० दिवस जाते, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जून उजाडेपर्यंत. याच डोंगररांगेत कान्हेरीच्या लेण्यांशेजारी कातळात कोरलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाक्या, आहेत. तिथले भिक्खू पावसाचं पाणी असंच साठवत होते.

ओढ्याला आडवी, सरळ उभी भिंत मात्र घालू देऊ नका. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्यांना सरळ भिंत ओलांडता येत नाही. दगडांचा उतरता बांध किंवा पावसाआधी काढता येणारा गोण्यांचा वनराई बंधारा बरा.

आणि पाड्याकडे बोट दाखवण्याआधी झऱ्याच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते बघा. तिथे फार्महाऊसच्या हिरवळीसाठी, तरणतलावासाठी बोअर मारली असेल तर झऱ्याकडे येणारं पाणी वाटेतच उपसलं जातं. हंड्याला नियम आणि हिरवळीला मोकळीक, याची मला मनापासून चीड येते. तुमच्या तक्रारीत हा मुद्दा पहिला असू द्या.

परवानगीसाठी आधी जमिनीचा दर्जा विचारा. राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३५(६) लागतं, अभयारण्य असेल तर कलम २९. दोन्हींत पाण्याचा प्रवाह वळवायला, अडवायला मनाई आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय तो बदलता येत नाही, आणि परवानाही वन्यजीवांच्या हिताचं असेल तरच मिळतो. मात्र २०२२ च्या दुरुस्तीनं कलम २९ मध्ये स्थानिकांचा पिण्याच्या आणि घरगुती पाण्याचा खराखुरा वापर मनाईतून वगळला आहे. शिवाय वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) बघा. पिण्याच्या पाण्याची योजना आणि जलवाहिनी यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नाहीत, ही अट आहे.

अर्जाला मे महिन्याच्या मोजणीचा तक्ता जोडा: तारीख, वेळ, बादली भरायला लागलेले सेकंद. मोजताना वनरक्षकाला सोबत घ्या आणि तिथल्या तिथे त्याची सही घ्या, म्हणजे पुढे आकड्यांवरून वाद होणार नाही.