बागेत न मावणारी नदी

प्रश्न : बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एदेन बागेची गोष्ट रंगात आलेली असताना मध्येच चार नद्या आणि सोन्याचा विषय कशाला? या नद्या नकाशावर सापडतात का?

उत्तर : दोन सापडतात. हिद्देकेल म्हणजे टायग्रिस आणि फरात म्हणजे युफ्रेटिस. दोघींचा उगम पूर्व तुर्कस्तानात, संगम दक्षिण इराकमध्ये. गीहोन आणि पीशोन यांचा मात्र पत्ता लागत नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याने गीहोनला नाईल आणि पीशोनला चक्क गंगा ठरवून टाकलं! एदेनातून निघालेली एकच नदी फुटून या चार झाल्या, असं वचन सांगतं; पण या चौघी एकाच उगमातून काढायच्या तर भूगोल गुंडाळूनच ठेवावा लागेल. मी नकाशा गुंडाळतो.

अभ्यासवर्गात ही वचनं, १० ते १४, लोक भराभर उरकतात. मला ते खटकतं. पाचव्या वचनात पाऊस नाही, जमीन कसायला माणूस नाही. मग माणूस घडतो, देव बाग लावतो, नदी तिला पाणी देते. आदामाने विहीर खणलेली नाही, पाट काढलेला नाही. मशागत त्याच्यावर सोपवली जाते ती १५व्या वचनात, पाण्याची सोय झाल्यानंतर.

पण खरी गंमत पुढे आहे. बाग भिजवून नदी संपत नाही, फुटून बाहेर जाते. कोणाकडे? हिद्देकेल अश्शूरकडे, म्हणजे असिरियाकडे. याच अश्शूरने इ.स.पू. ७२२च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य बुडवलं. फरातेच्या काठी बाबेल, म्हणजे बॅबिलोन. त्याच्या सैन्याने पुढे यरुशलेमचं मंदिर जाळलं. बंदिवासात गेलेल्या यहुद्यांनी ही यादी कोणत्या मनाने वाचली असेल? ज्यांनी आपल्याला देशोधडीला लावलं, त्यांची शेतंही देवाच्याच पाण्यावर पिकतात, असं त्यांचाच धर्मग्रंथ सांगत होता. त्याच यादीत गीहोनही आहे, आणि यरुशलेमच्या झऱ्याचं नावही गीहोनच. राजा शलमोनाचा राज्याभिषेक तिथेच झाला. शत्रू आणि घर एकाच उगमावर!

सोन्याचं म्हणाल तर ते पीशोन जिथून वाहते त्या हवीला देशात, बागेबाहेर. म्हणजे देवाची तरतूद कुंपणाच्या आत संपत नाही, एवढं त्यातून मी घेतो. त्याहून जास्त अर्थ काढणाऱ्यांशी माझं जमत नाही.

याला जोडून यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४७वा अध्याय वाचा. तिथली नदी मंदिरातून निघून मृत समुद्राचं पाणी गोडं करते, पण दलदलीची जागा मुद्दाम खारट ठेवली जाते. लोकांना मीठही लागतंच.