पहिल्यांदाच सगळ्यांसाठी सिनेमा लावताय?

आधी तो एकट्याने शेवटपर्यंत बघा. 'कौटुंबिक' म्हणवणाऱ्या सिनेमातही एखादा प्रसंग लहानग्यांना घाबरवून सोडतो. लांबी शक्यतो 100 मिनिटांच्या आत असावी. ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरी बघण्यापुरतं असतं. चारचौघांत दाखवायला हक्कधारकाची वेगळी परवानगी काढा.

चित्रापेक्षा आवाजाची जास्त काळजी घ्या. मागच्या रांगेतल्या आजींना संवाद ऐकू आला नाही की त्या शेजारणीला विचारतात, अन् तिथून कुजबुज पसरत जाते. लॅपटॉपच्या स्पीकरवर अजिबात भागवू नका. उघड्यावर असेल तर पुरता अंधार पडू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. सिनेमा संपताच भसकन दिवे लावू नका. नामावली सरकू द्या. डोळे पुसायला लोकांना तेवढा वेळ लागतो.