ट्रॅक्टर ट्रॉलीवर बांधायचा तर पट्टा का साखळी?

भाऊ, आधी वजन पाहा. 45-50 एचपीचा ट्रॅक्टर दोन टनाच्या आसपास जाते, त्याले साखळीच बरी, अन् कार नाहीतर मोटरसायकल असन तर पॉलिस्टरचा रॅचेट पट्टा, म्हंजे दांडा मागंपुढं करून कसायचा, कारण साखळीनं रंग खरवडते. साखळी कोणतीही नको घेऊ बापा, विहिरीवरची तर बिलकुल नाही, कडीवर ग्रेडचा, म्हंजे मजबुतीचा, 8 किंवा 80 असा छाप पाहूनच घे अन् ताणाले लोड बाइंडर, म्हंजे साखळी कसायचा दांडा, घे. नटबोल्ट टाकून जोडलेली साखळी वापरूच नको, तिथूनच सुटते.

पट्ट्यात लोक फसतात ते 5 टन ह्या आकड्यावर, तो बहुतेक वेळा तुटायचा आकडा असते, ओढायचा नाही. शिवलेल्या लेबलवर एलसी (लॅशिंग कपॅसिटी, म्हंजे बांधायची ताकद) लिहिलेलं असते ते पाहा, सरळ बांधला तर तेवढाच ताण त्यानं घ्यायचा. लेबलच नसन तर दुकानात ठेवून ये. आपल्याकडचं ऊन पट्ट्याले खाते, रंग उडून धागे कडक झाले का बदलून टाक. गाठ मारू नको, धारेवरून जात असन तर खाली जाड रबर दे.

बांधताना चार कोपऱ्याले चार वेगवेगळ्या साखळ्या, पुढून एक्सलले, मागून एक्सलच्या हाऊसिंगले, स्टिअरिंगच्या रॉडले कधीच नाही. हँडब्रेक ओढ, गिअरात ठेव. चाकाले काळी माती चिकटून असन तर आधी झाडून घे, ती रस्त्यात गळते अन् ताण ढिला पडते, म्हणून पाच-दहा किलोमीटरवर उतरून परत कस, घाट लागायच्या आधी तर नक्कीच.